कोपी, पेटी आणि दप्तर



पत्रिकेवर आजचा विषय 'कंटेनरमधलं सॉफ्टवेअर' असा छापलाय. मघाशी दारात एका काकांनी मला विचारलं, "म्हणजे न्हावा शेवाला जातात ते कंटेनर का?" मी म्हटलं, "काका, तेही येणार आहेत." (हशा) खरंच येणार आहेत, कारण नाव तिथूनच आलंय. पण सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या एका छोट्या घटनेनं करतो.

एका महाविद्यालयाचं ग्रंथालय. नाव सांगायची गरज नाही. तिथल्या ग्रंथपाल मॅडमचा मला एक दिवस सकाळीच फोन आला, "सर, तीन महिन्यांची पुस्तकं गेली." मला वाटलं चोरी झाली. तसं नव्हतं. पुस्तकं कपाटात जागच्या जागी होती. संगणकातल्या नोंदी गेल्या होत्या. तीन महिन्यांत दाखल झालेली पुस्तकं गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे देवघेव गेली. कुणी काय नेलं, कुणी काय परत केलं, काही नाही.

झालं होतं असं. त्यांच्याच एका माजी विद्यार्थ्यानं, एक पैसा न घेता, जुन्या संगणकावर 'कोहा' नावाचं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये बसवून दिलं होतं. तयार पेटी इंटरनेटवरून उतरवली, एक आज्ञा दिली, तासाभरात ग्रंथालय चालू. तीन महिन्यांनी नवी आवृत्ती आली. त्यानं जुना कंटेनर काढून टाकला, नवा लावला. नवा कंटेनर झकास चालू झाला. फक्त आत काही नव्हतं.

तो मुलगा हुशार होता, मनानं चांगला होता. मग चुकलं कुठं? हे समजायचं तर ही पेटी कुठून आली, कशासाठी आली, हे पाहावं लागतं. आजचं व्याख्यान तेवढ्यासाठी आहे.

आमच्याकडे तर चालतंय

नव्वदच्या दशकात ज्यांनी साप्ताहिक काढलं किंवा लग्नपत्रिका छापल्या, त्यांना हा अनुभव असेल. इथं मजकूर कंपोज करायचा, फ्लॉपीत घालायचा, एसटीनं तेव्हाच्या औरंगाबादला न्यायचा. तिथल्या संगणकावर फाइल उघडली की पडद्यावर किडे-मुंग्या. फोन केला की इकडचा माणूस म्हणायचा, "आमच्याकडे तर चालतंय!" तो खोटं बोलत नव्हता. त्याच्याकडे खरंच चालत होतं. त्याच्या संगणकात जो फाँट होता, तो तिकडे नव्हता. प्रत्येक पॅकेजवाल्यानं 'क' हे अक्षर वेगळ्या आकड्याखाली ठेवलेलं होतं. मजकूर आला, पण त्याच्या भोवतीचं जग मागे राहिलं.

त्याच्याही आधी, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. तिथल्या 'जिस्ट' तंत्राचं, ज्याचं मूळ आयआयटी कानपूरचं, एक कार्ड मिळायचं. ते संगणकात खोचलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या तयार प्रोग्रॅममध्येही मराठी दिसायला लागायचं. म्हणजे तयार सॉफ्टवेअर आपल्याकडे चालावं म्हणून अख्खं एक कार्ड विकत घ्यायचं! पण कार्ड नसलेल्या संगणकावर परत तीच गत.

अक्षरांचा प्रश्न शेवटी सुटला तो सगळ्यांनी एक ठरवल्यामुळे. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांचं 'इस्की' हे भारतीय मानक म्हणून छापलं गेलं, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. पुढे विंडोज २००० सारख्या प्रणालींनी ती उचलली. आज बीडहून पाठवलेला मराठी निरोप बोस्टनमध्ये उघडतो. त्याचं कारण एवढंच, की 'क' चा आकडा दोन्हीकडे एकच आहे.

पण प्रोग्रॅमचं तसं होत नाही. एकेका प्रोग्रॅमला खाली डझनभर दुसरे प्रोग्रॅम लागतात, तेही अमुकच आवृत्तीचे. कोहाचंच बघा. ते पर्ल या भाषेत लिहिलंय. त्याला माहिती साठवणारा डेटाबेस लागतो, पानं दाखवणारा वेब सर्व्हर लागतो, शोधासाठी वेगळं यंत्र लागतं, आणि पर्लची कितीतरी छोटी-मोठी अवजारं लागतात. यातलं एक जरी जुनं-नवं झालं तरी गाडी अडते. जगातल्या सगळ्या संगणकांनी या सगळ्यावर एकमत करायचं, हे शक्य नाही.

मग दुसरा उपाय काय? आपलं जे लागतं ते सगळं बरोबर घेऊन जायचं.

बिऱ्हाड

हा उपाय बीड जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आपल्या जिल्ह्यातली माणसं ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. गाडीत काय काय असतं? पीठ-मीठ, भांडी, अंथरूण, बांबू, ताडपत्री, एखादी शेळी, आणि लहान पोरं. कारखान्यावर पोचलं की जागा मिळेल तिथं कोपी उभी करायची. संध्याकाळी चूल पेटते. कारखाना सोलापुरातला असो की बेळगावातला, संसार तोच.

ही तुलना करताना मला थोडा संकोच वाटतो. त्या कोपीतलं जगणं म्हणजे काही गंमत नाही, आणि समोर बसलेल्यांपैकी काहींचं बालपण तिथं गेलेलं असेल. पण या तंत्राची रचना मला दुसऱ्या कुठल्या उदाहरणानं इतकी स्वच्छ सांगता येत नाही.

संगणकात बिऱ्हाड न्यायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली म्हणजे आभासी संगणक. एका मोठ्या यंत्राच्या पोटात पूर्ण दुसरा संगणक उभा करायचा, त्याच्या स्वतःच्या कार्यप्रणालीसकट. आयबीएमनं १९७२ मध्ये 'व्हीएम/३७०' आणलं ते हेच. ही तऱ्हा म्हणजे कारखान्यावर जाताना पायासकट घर आणि आपली विहीरसुद्धा उचलून न्यायची. सुरक्षित आहे, पण फार जड. दुसरी तऱ्हा कंटेनरची. भांडीकुंडी आपली, पण जमीन आणि पाणी तिथलं. संगणकाच्या भाषेत या जमीन-पाण्याला 'कर्नल' म्हणतात, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. शंभर कंटेनर असले तरी गाभा एकच. म्हणून कंटेनर हलका असतो, क्षणात उभा राहतो. आणि म्हणूनच पाणी खराब निघालं तर सगळ्या कोप्या एकदम आजारी पडतात. हेही लक्षात ठेवा.

कुडापासून पेटीपर्यंत

याची सुरुवात फार जुनी आहे. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'सीएचरूट' नावाची सोय आली. एखाद्या प्रोग्रॅमला सांगायचं, हा कप्पा म्हणजेच तुझं सगळं जग. त्याला बाहेरच्या फाइली दिसत नाहीत. नुसता कूड घातल्यासारखं. पलीकडचं दिसत नाही, पण आवाज येतो आणि चुलीचा धूरही येतो. २००० मध्ये फ्री-बीएसडी या प्रणालीत 'जेल' आली. पॉल-हेनिंग काम्प नावाच्या डॅनिश प्रोग्रॅमरनं ती लिहिली. एकाच यंत्रावर अनेक गिऱ्हाइकांच्या वेबसाइटी ठेवायच्या आणि एकाचा दुसऱ्याला त्रास होऊ द्यायचा नाही, ही त्यामागची गरज. २००५ मध्ये सोलारिस १० मध्ये 'झोन' आले.

लिनक्सवर हे तुकड्या-तुकड्यानं आलं. कुणाला काय दिसावं हे ठरवणारी सोय २००२ पासून वाढत गेली. कुणी किती खावं, म्हणजे किती मेमरी, प्रोसेसरचा किती वेळ, हे ठरवणारी सोय गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये सुरू केली, ती २००८ च्या जानेवारीत लिनक्समध्ये रीतसर दाखल झाली. त्याच वर्षी या दोन्हींना जोडणारं 'एलएक्ससी' आलं. म्हणजे २००८ साली कंटेनर तयार होता. पण वापरत कोण होतं? मोठ्या कंपन्या आणि मोजके जाणकार. बीडच्या ग्रंथालयापर्यंत तो पोचायला आणखी एक गोष्ट व्हायची होती.

ती झाली मार्च २०१३ मध्ये. 'डॉटक्लाउड' नावाची एक छोटी कंपनी होती. तिच्या सॉलोमन हाइक्सनं अमेरिकेत पायथॉन भाषेच्या परिषदेत पाच मिनिटांचं एक भाषण केलं आणि 'डॉकर' दाखवलं. गाभ्यातलं तंत्र नवं नव्हतं. नवीन होतं ते बांधणं आणि पाठवणं. प्रोग्रॅमला लागणारं सगळं थरावर थर रचून एका साच्यात बांधायचं, त्याला म्हणायचं 'इमेज'. ती एका सार्वजनिक कोठारात ठेवायची. कुणीही यावं, नाव सांगावं, उतरवून घ्यावी, चालवावी. खालचे थर आधीच आपल्याकडे असतील तर फक्त वरचे नवे थर येतात.

आणि नाव काय ठेवलं? डॉकर. म्हणजे गोदी कामगार.

गोदी

आता काकांचे कंटेनर आले. (हशा)

मुंबईची प्रिन्सेस डॉक १८८० सालची. तिथं आणि पुढच्या गोद्यांमध्ये शंभर वर्षं माल चढला-उतरला तो मुख्यतः माणसाच्या पाठीवरून. पोतं वेगळं, पिंप वेगळं, कापसाची गाठ वेगळी. प्रत्येकाला उचलायची तऱ्हा वेगळी. आपल्या मोंढ्यात आजही हमाल बांधव काम करतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. एकेक जहाज भरायला दिवसच्या दिवस लागत.

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत न्यूअर्क बंदरातून 'आयडियल-एक्स' नावाचं जहाज ह्यूस्टनला निघालं. डेकवर ५८ पेट्या. कल्पना माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रक व्यावसायिकाची. हातानं माल चढवायचा खर्च तेव्हा टनामागे ५ डॉलर ८६ सेंट होता, पेटीनं तो १६ सेंटच्या आत आला. पण नुसत्या पेटीनं जग बदललं नाही. पेटीची लांबी किती, कोपऱ्यातली जोडणी कशी, याचं साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. मग कुठल्याही देशाची पेटी कुठल्याही क्रेननं उचलता यायला लागली. आत कापूस आहे की काच, क्रेनला विचारावं लागत नाही.

न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, आणि कंटेनरचा व्यापार हळूहळू खाडीपलीकडे गेला. मुंबईच्या गोदीतली गजबज कमी होत गेली. ज्या गोदी कामगाराचं काम पेटीनं संपवलं, त्याचंच नाव सॉफ्टवेअरच्या पेटीला दिलं गेलं. या योगायोगावर मी फार बोलत नाही, पण इतिहास शिकणाऱ्यानं तो नोंदवून ठेवावा.

सॉफ्टवेअरमध्येही पुढे तेच झालं. जून २०१५ मध्ये बऱ्याच कंपन्यांनी एकत्र येऊन पेटीचं खुलं मानक ठरवायला घेतलं. म्हणून आज एका अवजारानं बांधलेली पेटी दुसऱ्या अवजारानं चालवता येते.

कोहा

आता परत ग्रंथालयात येऊ. कोहाची गोष्ट मला फार आवडते. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाचा एक ग्रामीण भाग आहे. तिथल्या ग्रंथालयाची जुनी संगणक व्यवस्था २००० साल उजाडताच बंद पडणार होती. वायटूकेचा घोळ आठवत असेल तुम्हाला. नवीन विकत घेणं परवडणारं नव्हतं. म्हणून त्यांनी १९९९ मध्ये 'कटिपो' या छोट्या कंपनीकडून स्वतःचं सॉफ्टवेअर लिहून घेतलं, जानेवारी २००० मध्ये सुरू केलं, आणि सगळ्या जगाला खुलं करून दिलं. 'कोहा' हा माओरी शब्द. अर्थ भेट. पण नुसती भेट नाही. घेतली की कधीतरी परतफेड करायची, अशी भेट. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, आहेर. (हशा)

असा आहेर एका खेड्यातल्या ग्रंथालयानं दिला आणि तो आपल्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात पोचला. मधे आलेल्या पेटीमुळे तो तासाभरात चालू झाला. एरवी तो मुलगा आठवडाभर अडकला असता. म्हणून मी कंटेनरच्या विरोधात नाही, हे आधी सांगतो.

कोपीत कायमचं काही ठेवत नाहीत

मग चुकलं कुठं? नुसती वीज गेली असती तर काही बिघडलं नसतं. थांबलेला कंटेनर परत सुरू केला की आतलं जसंच्या तसं असतं. पण कंटेनरची आवृत्ती बदलायची रीत वेगळी आहे. तो दुरुस्त करत नाहीत. जुना काढून टाकतात आणि नव्या साच्यातून नवा उभा करतात. साचा कायम, कंटेनर तात्पुरता. त्या मुलानं डेटाबेससकट सगळं एकाच कंटेनरमध्ये ठेवलेलं होतं. जुनी कोपी मोडली, तिच्यासोबत नोंदीही गेल्या.

मी त्याला विचारलं, "तुझ्या घरचे ऊसतोडीला जातात का?" म्हणाला, "जायचे, सर. मीपण गेलोय लहानपणी." मी म्हटलं, "मग सांग, सातबारा कुठं ठेवायचे? कोपीत?" तो लगेच हसला. म्हणाला, "नाही सर. गावाकडे, आजीजवळ. पत्र्याच्या पेटीत."

समजलं त्याला. हंगाम संपला की कोपी मोडायची असते, हे पहिल्या दिवशीच ठाऊक असतं. म्हणून तिथं लागेल तेवढंच न्यायचं. कायमचं जे आहे ते घरी. कंटेनरमध्येही ही सोय आहे. तिला 'व्हॉल्यूम' म्हणतात. बाहेरच्या संगणकावरचा एक कप्पा कंटेनरला जोडून द्यायचा आणि नोंदी तिथं लिहायला सांगायच्या. मग दहा वेळा कंटेनर मोडा, नोंदी जागेवर. आज्ञेत एक ओळ जास्त लिहावी लागते, बस्स. पण आजीच्या पत्र्याच्या पेटीलाही वाळवी लागू शकते. म्हणून त्या कप्प्याची प्रत रोज दुसऱ्या यंत्रावर गेली पाहिजे.

त्या तीन महिन्यांतली दाखल पुस्तकं वाचली, कारण मॅडमनी कागदाची दाखल नोंदवही सोडली नव्हती. देवघेव मात्र गेली ती गेलीच. एक मुलगी दाखला न्यायला आली. पुस्तकं तिनं परत केली होती, पण नोंद कुठंच नव्हती. मॅडमनी तिच्या तोंडाकडे पाहून 'काही येणे नाही' अशी सही केली. सगळीकडे असं सही करणारं माणूस असतंच असं नाही.

तयार पेटीत काय आहे

दुसरी गोष्ट. पेटी तयार मिळते, बंद मिळते. आत काय आहे हे किती जण बघतात? डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' नावाच्या एका साध्या नोंद ठेवणाऱ्या अवजारात मोठं भगदाड निघालं. ते अवजार जगभरच्या असंख्य प्रोग्रॅमांच्या पोटात होतं. बाहेरून नाव वेगळं, पेटी वेगळी, आत तेच. आपल्या कुठल्या पेटीत ते आहे हे शोधण्यातच लोकांचे दिवस गेले. साचा एकदा उतरवला की तो तसाच राहतो. बाहेर दुरुस्ती झाली तरी आपण नवा उतरवेपर्यंत आतलं जुनंच असतं.

आणि कोठार कुणाचं आहे? नोव्हेंबर २०२० पासून डॉकरच्या सार्वजनिक कोठारानं मर्यादा घातली. नाव न नोंदवता येणाऱ्याला सहा तासांत १०० वेळाच उतरवता येईल. त्यांचा खर्च आहे, त्यांनी नियम केला, त्यात काही वावगं नाही. पण फुकट मिळतं म्हणजे कायम मिळेल, हे त्या दिवशी पुष्कळांच्या डोक्यातून गेलं.

दप्तर

शेवटचा मुद्दा सांगतो आणि थांबतो.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या प्रश्नावर मी इथं काही बोलणार नाही. मला त्यातलं दप्तर महत्त्वाचं वाटतं. ज्या राज्यानं त्यातल्या नोंदी केल्या ते १९४८ मध्ये गेलं. त्यानंतर हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता, १९५६ ला द्विभाषिक मुंबईत गेला, १९६० ला महाराष्ट्रात आला. लिहिणारे कारकून गेले, लिपी मागे पडली, मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधून आणावी लागली. तरी कापडात बांधलेलं दप्तर उघडता आलं. कुणाच्या तरी आजोबांचं नाव त्यात सापडलं, आणि त्या एका ओळीवर आज घरंच्या घरं डोळे लावून बसलीत.

आज आपण ग्रामपंचायतीच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या नोंदी सॉफ्टवेअरमध्ये भरतोय. ते सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये असो नसो, ते पाच-सात वर्षांचं पाहुणं आहे. नोंद शंभर वर्षांची आहे. म्हणून कुणीही तयार पेटी बसवून देत असेल तर चार गोष्टी विचारा. नोंदी पेटीच्या बाहेर कुठं ठेवल्यात? त्यांची प्रत कुठं आहे, आणि ती परत उघडून कधी पाहिली? पेटीतलं जुनं झालं तर बदलणार कोण? आणि उद्या हे सॉफ्टवेअरच नसलं, तर नोंदी दुसऱ्याला वाचता येतील अशा साध्या रूपात काढता येतात का? यासाठी संगणक यावा लागत नाही.

एका ताईंनी हात वर केलाय. विचारा.

(श्रोत्यांमधून प्रश्न: मग सरळ वहीच काय वाईट आहे?)

वाईट काही नाही. त्या ग्रंथालयाला वहीनंच वाचवलं. पण वहीला वाळवी लागते, पावसात भिजते, आणि तिची दुसरी प्रत नसते. त्या मॅडम आता दोन्ही करतात. नोंदी बाहेरच्या कप्प्यात, रोज रात्री प्रत, आणि दाखल नोंदवही हातानं. कोहा अजूनही कंटेनरमध्येच चालतं. तोच मुलगा बघतो. गेल्या वेळी नवी आवृत्ती लावायच्या आधी त्यानं मला फोन केला. म्हणाला, "सर, सातबारा घरी ठेवलाय. आता मोडतो कोपी."